थोरलीच्या बदल्यात

आमच्या वाशिमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस चपला काढता काढता थबकतो. दारासमोरच काचेचं लांबलचक कपाट आहे, त्यात बारा खण आहेत आणि एकेका खणात एकेकच वस्तू. निळ्या नक्षीची जपानी ताटली, काळी लोखंडी किटली, ब्रह्मदेशातला लाखेचा पानाचा डबा, आलं साठवायची जुनी चिनी बरणी. सासरच्या एका नातेवाइकानं एकदा विचारलं होतं, की एवढ्या मोठ्या कपाटात सामान इतकं कमी कसं, माल यायचा आहे का? मी हसले नाही. आत जाऊन चहा टाकला आणि साखर मुद्दाम कमी घातली. ज्याला वस्तू बघता येत नाही त्याचा मला राग येई. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं माझ्या या रागातूनच झालं.

आता त्या बारापैकी मधला खण रिकामा आहे. त्यातला दिवा आम्ही काढून टाकलाय. तिथं काय होतं असं कुणी विचारलं की मी विषय बदलते. इथं बदलणार नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवत होते. तीस वर्षं मुलांसमोर एक ॲल्युमिनियमचा लोटा आणि दोन वांगी ठेवली आणि म्हटलं, काढा. त्या लोट्याचा पोचा आजही डोळे मिटून काढून दाखवीन. नागपूरला चित्रकलेच्या परीक्षेचं काम होतं तेव्हा दुपारी मोकळा वेळ मिळाला, म्हणून एका जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरले. तिथं ती निळी ताटली दिसली. कडेला टवका उडालेला, मधोमध एक पूल आणि पुलावर छत्री घेतलेला एकच माणूस. बाकी सगळं पांढरं. चितारणाऱ्यानं एवढी जागा मोकळी सोडायचं धाडस कसं केलं असेल, या विचारानं मी एसटीत वाशिमपर्यंत ताटली मांडीवर धरून आले. ह्यांनी विचारलं, यात जेवायचं का? मी म्हटलं, यात बघायचं.

तिथून हौस लागली. जपानी घरात एका कोनाड्यात एकच वस्तू मांडतात असं मी कुठंतरी वाचलं आणि ते माझ्या डोक्यात गेलं. आधी टीव्ही आतल्या खोलीत गेला. मग ह्यांची पाटबंधारे खात्यातली प्रशस्तिपत्रं भिंतीवरून उतरली. मग रुखवतातला मण्यांचा ताजमहाल गेला. आणि शेवटी सासूबाईंचा देव्हारा.

सासरे गेल्यावर सासूबाई अनसिंगहून आमच्याकडे राहायला आल्या. अनसिंगला त्यांचा भाजीचा मळा होता. मेथी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं त्यांनी स्वतः बाजारात बसून विकलं होतं. येताना त्यांनी एक पत्र्याची पेटी आणि लाकडी देव्हारा आणला. देव्हारा तेलकट, काजळी धरलेला, वर रेडियमच्या पट्टीची चिकटवलेली नक्षी. तो हॉलमध्ये पूर्वेच्या कोपऱ्यात ठेवला होता. माझ्या बारा खणांच्या शेजारी तो मला डोळ्यांत खुपायचा. मी तो उचलून स्वयंपाकघराजवळच्या बोळात नेला आणि सांगितलं, की इथं वारा नाही, दिवा विझणार नाही. बोळात बसायला पाट मावत नव्हता, म्हणून सासूबाई पोत्यावर बसून पूजा करू लागल्या.

त्या देव्हाऱ्यात पाच टाक होते. टाक म्हणजे चांदीचा पातळ पत्रा ठोकून उठवलेली आकृती, तळहातात मावेल एवढी. चार देवांचे होते. पाचवा एका बाईचा.

ती बाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची पहिली बायको. पहिल्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. वर्षभरात सासूबाई त्या घरी दुसऱ्या म्हणून आल्या. आल्या दिवशीच सासूनं त्यांच्या हातात हा टाक दिला आणि सांगितलं, ही तुझी थोरली, हिला विचारल्याशिवाय अंगावर नवं लुगडं घालायचं नाही. सासूबाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिचा फोटो नव्हता. ती कशी दिसायची हे सांगणारं माणूसही आता उरलेलं नाही. होता तो एवढा टाक. पण सासूबाई तिच्याबद्दल ‘थोरली’ असं अशा सुरात बोलायच्या, की मला लग्नानंतर बरेच दिवस वाटलं, थोरली कुठंतरी जिवंत आहे आणि मळ्यावर राहते.

दिवाळीला किंवा कुणाच्या लग्नात नवीन साडी आली की सासूबाई ती घडीसकट टाकापुढं ठेवायच्या. टाक उभा करायच्या, त्यातल्या बाईच्या दोन खांद्यांवर दोन ओले तांदूळ चिकटवायच्या आणि हात जोडून बसायच्या. उजवा तांदूळ आधी पडला तर थोरलीचा होकार. डावा पडला तर नकार, मग ती साडी कुणाला तरी देऊन टाकायची. आमच्याकडे याला कौल घेणं म्हणतात. मी इतकी वर्षं पाहिलं, एखादा अपवाद सोडला तर उजवाच पडायचा. याचं कारणही मला कळलं होतं. सासूबाई रोज उजव्या बाजूनं सुरू करून अंगठ्यानं कुंकू लावायच्या. पन्नास-साठ वर्षं. तो खांदा घासून घासून उतरता झाला होता, नाकडोळे पुसून गेले होते. थोरलीचा होकार सासूबाईंनी स्वतःच्या अंगठ्यानं घडवला होता. हे मी ह्यांना गमतीनं सांगितलंही होतं. तेव्हा मला स्वतःच्या नजरेचं फार कौतुक वाटलं होतं.

नागपूरचा तो दुकानदार एव्हाना ओळखीचा झाला होता. मुंबईकडे माल घेऊन जाताना तो शेलूबाजारला थांबायचा आणि मी एसटीनं तिथं जायचे. एका हॉटेलात आम्ही बसायचो, तो जुन्या पेपरात गुंडाळलेल्या वस्तू टेबलावर उलगडायचा आणि बाजूच्या टेबलांवरचे लोक भजी खायचे थांबून बघायचे. तीन वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी त्यानं ती काळी पट्टी उलगडली.

वीतभर उंचीची, लाखेनं इतकी काळी केलेली की त्यात हॉटेलातला पंखा फिरताना दिसत होता. खाली सोनेरी कमळाची बैठक. समोर वरून खाली सोन्यानं कोरलेली अक्षरं. मी तशी वस्तू कधी हातात घेतली नव्हती. दुकानदार म्हणाला, ही जपानी दरबारातली मानाची पट्टी आहे, मोठ्या सरदाराच्या नावाची. त्याला तरी काय माहीत होतं, बंद पडलेल्या घरांतला माल गठ्ठ्यानं येतो, त्यातली ती. पण ‘दरबार’ म्हटल्यावर मी पुढचं काही विचारलं नाही.

ती त्याला विकायची नव्हती, बदल्यात द्यायची होती. मी कधीतरी त्याला घराचे फोटो दाखवले होते, त्यातल्या एका फोटोत बोळातला देव्हारा आला होता. त्यानं तेव्हाच पाहून ठेवलं होतं. देवांचे टाक पुष्कळ मिळतात, तो म्हणाला, पण माणसाचा, तोही बाईचा, हातानं ठोकलेला आणि इतका झिजलेला मिळत नाही. शहरातले लोक अशा वस्तूंसाठी वेडे झालेत. तुम्हीच सांगा मॅडम, तो बोळात ठेवण्यासारखा आहे का?

मी म्हणायला हवं होतं, की बोळात मीच ठेवलाय. मी म्हटलं, बघते.

बघण्यासारखं काही नव्हतं. मनात मी पट्टी मधल्या खणात मांडूनसुद्धा टाकली होती. प्रश्न फक्त सासूबाईंचा होता आणि त्याला वाटही आमच्याच रीतीनं काढून दिली. टाक फार झिजला की तो सोनाराकडे मोडीत घालतात आणि त्याच चांदीचा नवा घडवतात. चांदी तीच राहिली की देव तोच राहिला, माणूस तेच राहिलं. असं घरोघरी करतात, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी सासूबाईंना म्हटलं, आई, थोरलीचा टाक आता फाटायला आलाय, नवा करून आणते. त्यांनी दोन दिवस विचार केला. मग स्वतः चिंचेनं टाक घासला, पुसला, पुन्हा कुंकू लावलं, चोळीच्या खणाच्या लाल तुकड्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. देताना त्या टाकाला म्हणाल्या, “जाऊन ये बाई. भेऊ नको.”

दुसऱ्या दिवशी मी शेलूबाजारच्या हॉटेलात तो तुकडा उलगडला. दुकानदारानं भिंग लावून पाहिलं. मला वाटलं तो कुंकू पुसेल, मी पदर पुढं केला. तो म्हणाला, राहू द्या, या कुंकवावरच गिऱ्हाइकाला पटतं की वस्तू खरी आहे.

येताना वाशिमच्या सोनाराकडून साच्यात छापलेला बाईचा टाक घेतला. छान होता. नाकात नथ, डोईवर पदर, ठसठशीत खांदे. संध्याकाळी सासूबाईंच्या हातात ठेवला. त्यांना तेव्हाच कमी दिसत होतं. त्यांनी अंगठा फिरवला. वरून खाली, मग पुन्हा वर.

“चांदी तेच व्हय ना वो?” त्यांनी विचारलं.

“तीच,” मी म्हटलं.

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले असेन. शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा तर सगळ्यांच्या साक्षीनं बोलायचे. पण त्या एका शब्दाइतकं सहज कधीच बोलले नव्हते. आणि बोलून झाल्यावर मी हॉलमध्ये जाऊन पट्टीवरचा दिवा नीट तिच्या अक्षरांवर येतो का हे बघत बसले.

त्या दिवाळीला मी सासूबाईंना मोरपंखी काठाची साडी आणली. त्यांनी नेहमीसारखी टाकापुढं ठेवली, तांदूळ चिकटवले, हात जोडले. मी भाजी निवडत बघत होते. तांदूळ पडेनात. साच्यातल्या टाकाचे खांदे असे कोरीव, की त्यांवर तांदूळ फळीवर ठेवल्यासारखे बसले होते. ओल वाळली तरी बसलेच. सासूबाई दुपारच्या जेवणापर्यंत तशाच बसून होत्या. मग त्यांनी साडी उचलून कपाटात ठेवली आणि जुनीच नेसल्या.

रंग आवडला नाही का, मी विचारलं.

“मले आवडला. थे बोलत नाही.”

संक्रांतीला तेच झालं. भाच्याच्या लग्नात आलेल्या साडीचं तेच. दुसऱ्या दिवाळीचं तेच. नकार आला असता तर त्यांनी साड्या देऊन टाकल्या असत्या. पण नकारही नाही, होकारही नाही, म्हणून घड्या कपाटात साठत गेल्या. त्यांच्या अंगावरची साडी विरत चालली. ह्यांनी एकदा वैतागून म्हटलं, की आई, तू लोकांत आमची शोभा करतेस. सासूबाई म्हणाल्या, थोरली रुसली हाय, काहून रुसली थे कळत नाही, माझंच काही चुकलं असन. मग त्या आठवू लागल्या. कोणत्या सणाला निवद उशिरा दाखवला, कधी आजारपणात आंघोळ न करता टाकाला हात लावला, कधी सासऱ्यांशी भांडताना थोरलीचं नाव वाईट तोंडानं घेतलं. एकेक आठवून त्या टाकापुढं नाक घासून माफी मागायच्या. बोळातून तो पुटपुटण्याचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायचा आणि मी मिक्सर लावायचे.

एकदा मी मिक्सरनं भागणार नाही असं ठरवलं. सासूबाई दवाखान्यात गेल्या असताना तो टाक काढला आणि पॉलिश पेपरनं खांदे घासायला बसले. उजवा जास्त घासला तर कौल मी दिल्यासारखा होईल, हे माझ्यासारख्या बाईला त्या वेळी सुचावं याची आज लाज वाटते. खोटा टाक देताना काही वाटलं नव्हतं, खोटा कौल द्यायला मात्र मन कचरलं. म्हणून मी दोन्ही खांदे सारखे घासले. पुढच्या सणाला सासूबाईंनी तांदूळ लावले आणि डावा आधी पडला. त्यांनी मान हलवली. दोन वर्षांनी थोरली बोलली होती आणि नाही म्हणाली होती. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मीही जेवले नाही, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि येऊ नये अशीच माझी लायकी होती.

एवढं होऊनही मी बोलले नाही. मी तुम्हाला सांगू शकते, की पस्तावले होते. पण संध्याकाळी मधल्या खणातला दिवा मी लावतच होते. पाहुण्यांना ती पट्टी दाखवताना माझा आवाज आपोआप खाली यायचा, दरबार हा शब्द मी चघळून म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. तिची आई आमच्याच शाळेत मराठी शिकवायची, दोन घरं सोडून राहतात. मुलगी नर्सिंग शिकली, मग जपानी शिकली आणि आता तिकडं एका वृद्धाश्रमात काम करते. सुट्टीवर आली होती. माझ्यासाठी तिनं तांदळाच्या पिठाची मिठाई आणली होती. मला कधी एकदा तिला कपाट दाखवते असं झालं होतं. तिनं ताटली पाहिली, किटली पाहिली, किटलीत मी प्लास्टिकची फुलं खोचली आहेत यावर ती हसलीही. मग मधल्या खणापुढं येऊन थांबली.

“मॅडम, हे तुमच्याकडे कसं?”

मी म्हटलं, ही दरबारातली मानाची पट्टी. ती माझ्याकडे बघत राहिली. शाळेत ती कधी उलटून बोलली नव्हती, आताही तिला जड जात होतं.

तिनं विचारलं, की हातात घेऊ का. आधी ओढणी सारखी केली, मग दोन्ही हातांनी पट्टी उचलली. ही मानपट्टी नाही, ती म्हणाली. घरातलं माणूस गेलं की त्याला एक नवं नाव देतात, ते यावर लिहितात आणि घरातल्या देव्हाऱ्यात ठेवतात. शेवटच्या दोन अक्षरांवरून ही बाई होती. तिनं पट्टी फिरवली. मागं बारीक अक्षरं होती, ती मी कधी पाहिलीच नव्हती, कारण मागची बाजू भिंतीकडं असते. वय एकाहत्तर, ती म्हणाली, आणि त्या बाईचं जिवंतपणीचं नाव वाचलं. ते नाव मी इथं लिहीत नाही. तेवढं तरी माझ्या हॉलबाहेर जाऊ नये.

ज्या आजोबांची ती तिकडं देखभाल करायची त्यांच्या खोलीत अशीच एक पट्टी होती. त्यांच्या बायकोची. सकाळी भात आला की पहिली चिमूट ते तिच्यापुढं ठेवायचे, मगच जेवायचे. त्यांना स्वतःच्या मुलांची नावं आठवत नव्हती, पण ही चिमूट चुकत नसे. ती म्हणाली, “आमच्या घरी श्राद्ध, पानं मांडणं, काही नाही करत, मॅडम, तुम्हाला माहीत आहे. तरी मी रजेवर असले की ते कुणी आठवणीनं करतं का, याची मला काळजी वाटते.”

तिनं पट्टी परत ठेवली, पण खणात नाही, टेबलावर. दिव्याखाली ठेवायचं तिच्या जिवावर आलं. मिठाई खाऊन बघा म्हणाली आणि निघाली.

ती फाटकाबाहेर पडायच्या आत मी दुकानदाराला फोन लावला. टाक पुण्यातल्या एका बाईंकडे गेला होता. मी म्हटलं, मला तो परत पाहिजे, पट्टी घेऊन जा, किटली घेऊन जा, वाटेल ते घेऊन जा. त्याला माझी दया आली असावी. म्हणाला, मॅडम, दुसरा टाक देतो, त्याहून जुना. मी ओरडले नाही. ओरडायला मी त्याच्यापेक्षा वेगळी असायला हवी होते. मी विनवण्या केल्या, त्यानं त्या बाईंना विचारून सांगतो म्हटलं. तासाभरानं एक फोटो आला. काळ्या मखमलीवर, काचेच्या चौकटीत, पांढऱ्या भिंतीवर एकटी थोरली. वरून पिवळा दिवा सोडलेला. नाकडोळे पुसलेले, उजवा खांदा उतरलेला आणि खोबणीत सासूबाईंनी लावलेलं कुंकू. खाली दुकानदाराचा निरोप होता, की बाई नाही म्हणतात, त्यांच्या हॉलची सगळी मांडणीच त्या वस्तूवर आहे.

हे वाक्य मी स्वतः किती वेळा बोलले असेन.

दुसऱ्या दिवशी अखजी. आमच्याकडे या दिवशी गेलेल्या माणसांना जेवू घालतात. सासूबाईंच्या सांगण्यावरून मी बोळात पळसाची पानं मांडली. आजेसासरे, आजेसासू, सासरे, एक लहानपणी गेलेला दीर आणि थोरली. पुरणपोळी, चिंचवणी, कुरडई. सासूबाई पोत्यावर बसून हातानं चाचपून प्रत्येक पान बघत होत्या. थोरलीच्या पानावर त्यांनी स्वतः तुपाची धार धरली आणि म्हणाल्या, बाई, आज तरी बोल. मला पुढं वाढता येईना. हातातलं भांडं खाली ठेवलं आणि तिथंच बसून सगळं सांगितलं. शेलूबाजार, दुकानदार, काळी पट्टी, साचा, पॉलिश पेपर. हे दारात उभे राहून ऐकत होते. मध्येच हॉलमध्ये गेले आणि कपाटाच्या दिव्यांचं बटण बंद केल्याचा आवाज आला.

सासूबाईंनी साच्यातला टाक उचलून अंगठ्यानं चाचपला. “तरीच,” एवढंच म्हणाल्या. मला वाटलं आता त्या शिव्या देतील. मला शिव्या हव्या होत्या.

“मंग थोरली कुठी हाय?”

“पुण्याला, आई. एका बाईच्या घरी. हॉलमध्ये भिंतीवर लावलीय. काचेत.”

“घर चांगलं हाय?”

“चांगलं दिसतं. तिच्यावर दिवा लावलाय.”

“दिवा हाय ना,” त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. जरा वेळानं त्यांनी मान माझ्याकडं वळवली. “मंग तिले जेवाले कोन घालते?”

मी चिंचवणीचं भांडं उगाच सरकवलं. त्यांनी परत विचारलं. मला वाटतं त्यांना खरंच ते माहीत करून घ्यायचं होतं, मला लागावं म्हणून नाही. कुणी नाही, मी म्हटलं. मग त्या रडल्या. मोठ्यानं नाही. पदर तोंडाला लावून, घरातलं माणूस परगावी उपाशी आहे असं कळल्यावर कुणी रडेल तशा.

रडून झाल्यावर त्यांनी ती पट्टी मागितली. मी आणून मांडीवर दिली. त्यांनी सोन्याच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, कमळ चाचपलं, विचारलं की ही बाई कोणाची. मी म्हटलं माहीत नाही, जपानची आहे, एकाहत्तराव्या वर्षी गेली. किती दिवस झाले इथं येऊन? दोन वर्षांच्या वर, मी म्हटलं. आपल्या घरात? सासूबाईंनी विचारलं. हो. आणि इतके दिवस? मी मान खाली घातली, ती त्यांना दिसली नसणार. त्यांनी हात लांब करून आणखी एक पान ओढलं आणि म्हणाल्या, “वाढ तिले.”

मी वाढलं. पुरणपोळी त्या बाईला कशी लागली असेल कोण जाणे. तेव्हापासून पट्टी बोळातल्या देव्हाऱ्यात असते, साच्यातल्या टाकाच्या शेजारी. त्या मुलीला विचारून, पट्टी त्या जपानी बाईच्या माणसांकडं पोचवता येईल का हे पाहिलं. घर कधीच बंद झालं असणार, ती म्हणाली, म्हणून तर ती बाजारात आली. बोळ मी रिकामा करून पाट मावेल एवढी जागा केली. देव्हारा परत हॉलमध्ये नेते म्हटलं, तर सासूबाई नको म्हणाल्या. तिथं लोक येतात, बघतात, म्हणाल्या.

माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच बोलतात. गोळी मागतात, भाजीत मीठ कमी आहे म्हणतात. नवीन साडी मात्र त्यांनी नेसलेली नाही. मी एकदा हात जोडून म्हटलं, की आई, आता तुम्हाला खरं माहीत आहे, तिचा रुसवा नाही, तुमची चूक नाही, नेसा. त्या म्हणाल्या, रुसली नाही थे समजलं, पण विचारू कोनाले? चार साड्यांच्या घड्या कपाटात आहेत. मोरपंखी काठ घडीवर विटत चालला आहे. दुकानदाराला मी दर महिन्याला फोन करते, आता तो उचलत नाही.

रोज सकाळी कुकर उघडला की पहिली चिमूट भात मी त्या पट्टीपुढं ठेवते. ठेवताना वाटायचं, की तिकडं पुण्यातही त्या बाईंना एखाद्या दिवशी असं काही सुचेल, थोरलीपुढं कधीतरी दोन शितं पडतील. सासूबाईंना तसं सांगावं असंही मनात आलं होतं, त्यांना बरं वाटलं असतं. पण मी आता त्यांच्याशी खोटं बोलत नाही आणि पुण्याच्या त्या बाईला मी चांगली ओळखते. ती संध्याकाळी दिवा लावते, आलेल्यांना थोरली दाखवते, आणि मग आत जाऊन जेवायला बसते. दोन वर्षं मी हेच केलं.